पप्पांच्या मनगटावरचा माझा बँड

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी दोन वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा जेवताना टाइमपास म्हणून, हसायला. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. आमच्या तळवड्याच्या चौकात अमावस्येला कुणीतरी उतारा ठेवतं, तो ओलांडून मी कॉलेजची बस पकडते. वर त्यातला नारळ चांगला दिसला तर वाया गेला म्हणून हळहळते. तर अशी मी. आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे, तुम्ही हसलात तर माझी काही तक्रार नाही.

आम्ही मूळ औशाकडचे. पप्पा सोळा वर्षांपासून चाकणला एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहेत. स्टोअरमधून माल ट्रॉलीवर घालायचा आणि लाइनवर नेऊन द्यायचा, दिवसभर हेच. बसायला मिळतं ते जेवणाच्या सुट्टीत. बोलणं कमी. मला ते 'माय' म्हणतात, आमच्याकडे लेकीला तसंच म्हणतात.

मागच्या वर्षी कॉलेजने आम्हाला एक नवा विषय लावला... हेल्थ अँड वेलनेस. दोन क्रेडिट. रोज आठ हजार पावलं चालायचं, हातातल्या बँडचा स्क्रीनशॉट पाठवायचा आणि 'आज मला कसं वाटलं' यावर एक ओळ लिहायची. आता सांगा, ज्या मुलीचं गणित राहिलंय, डोक्यावर चार असाइनमेंट आहेत, ती आठ हजार पावलं कधी चालणार? आमच्या वर्गात एकाने बँड कुत्र्याच्या पट्ट्याला बांधला होता. एकीने शिवणाच्या मशीनच्या पायडलला बांधला. मी म्हटलं, माझ्या घरात तर चालता माणूसच आहे!

पप्पांना सांगितलं, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, कंपनीत जाताना हा घालत जा. त्यांनी कधी, कशाला असं काही विचारलं नाही. पट्टा जांभळा होता, कंपनीत पोरं चिडवायची की भाऊ, वहिनींचं काय घालून आलाय. तरी ते घालायचे. संध्याकाळी घरी आले की बँड काढून पुसायचे आणि फ्रिजवर चार्जिंगला लावायचे. मी फोनवर पावलं उतरवून घ्यायचे, कधी सोळा हजार, कधी अठरा. पुढे पुढे वीसच्या वर जायला लागली. मला वाटलं काम वाढलं असेल. नंतर कळलं, माणूस सुट्टीतही कॅन्टीनभोवती फेऱ्या मारत होता. लेकीच्या प्रोजेक्टला कमी पडायला नको म्हणून!

सरांनी भर वर्गात माझं नाव घेतलं. सगळ्यात ॲक्टिव्ह मुलगी म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या. त्या दिवशी दुसरा मजला चढताना मला धाप लागली होती, हे फक्त मला माहीत.

कारण माझी अवस्था बेकार होती. पहाटे चारला झोपायचं, सातला उठायचं. भूक मेली होती. पेपर हातात आलाय आणि एकही अक्षर वाचता येत नाही, असं जागेपणी दिसायचं. रडूही यायचं नाही, हे सगळ्यात वाईट होतं. त्यात आई आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गावाला गेली. पप्पा पहाटे साडेचारला उठून पोळ्या लाटायचे, वाकड्यातिकड्या, आणि माझा डबा भरून ठेवायचे. तो डबा मी खालच्या कुत्र्यांना घालायचे. संध्याकाळी ते विचारायचे, जेवलीस का माय? मी 'हो' म्हणायचे. आणि वेलनेसच्या फॉर्ममध्ये लिहायचे, आज खूप फ्रेश वाटलं.

त्या बुधवारी गणिताच्या पेपरला तीन दिवस राहिले होते. मी कॉलेज बुडवून घरी होते. आदल्या दिवशीपासून पोटात अन्न नाही. सकाळपासून तीन कप कॉफी आणि ते कॅनमधलं एनर्जी ड्रिंक दोनदा. बाराच्या सुमाराला पाणी घ्यायला उठले. छातीत असं काही धडधडायला लागलं की कानात ऐकू येत होतं. ओट्याला धरायला हात पुढे केला, तेवढं आठवतंय. फोन बाहेरच्या खोलीत होता.

आता यापुढचं मला पप्पांनी आणि कंपनीतल्या सिस्टरनी सांगितलेलं आहे.

पप्पा त्या वेळी कॅन्टीनमध्ये वरण-भात खात होते. बँड थरथरला. बघतात तर लाल बदाम आणि त्याच्याखाली एकशे बावन्न. शेजारच्याला दाखवलं. तो म्हणाला, राव, तुम्हाला अटॅक येतोय, उठा. दोघं फर्स्ट-एड रूममध्ये गेले. सिस्टरनी बोटांनी नाडी धरली, घड्याळ लावून मोजली. चौऱ्याहत्तर. बीपी बरोबर. बँड मात्र एकशे छप्पन्न दाखवत होता.

सिस्टर बाई हुशार. त्यांनी बँड काढून स्वतःच्या हातात घातला. त्यांच्या हातावर ऐंशी आले, आणि त्यांची नाडीही ऐंशीच होती. परत पप्पांना घातला... एकशे साठ. पप्पांची खरी नाडी पुन्हा मोजली, तीच चौऱ्याहत्तर. त्या हसल्या आणि म्हणाल्या, काका, हा तुमच्याच हातावर बिघडतोय, काढून ठेवा.

पप्पांनी काढला नाही. सिस्टर सांगतात, ते बँडकडे बघत एकदम शांतपणे म्हणाले, "हे माझं न्हाई, सिस्टर. हे माझ्या पोरीचं हाय. बँड तिच्या नावावर हाय."

याला काय म्हणायचं? मी कॉम्प्युटरची विद्यार्थिनी, मला विचाराल तर बँड नावावर असणं आणि नाडी येणं याचा काडीचा संबंध नाही. पण त्यांनी मला फोन लावला. सहा वेळा लावला. मग सोळा वर्षांत पहिल्यांदा जेवणाच्या सुट्टीत गेट पास मागितला. त्या वेळेला कंपनीची बस नसते. कॅन्टीनमधल्या त्या शेजारच्यानेच बाइक काढली आणि मोशीचं ट्रॅफिक टाळून मोईच्या रस्त्याने त्यांना घरी आणलं. लॅचची चावी पप्पांकडे होती. मी ओट्याखाली पडले होते, डोळे अर्धवट उघडे.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी आणि क्षार पार खाली गेलेत, हृदयाची लय बिघडली आहे, संध्याकाळपर्यंत अशीच पडून राहिली असती तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असतो. पप्पांची सुट्टी साडेतीनला होते. बसने घरी पोचेपर्यंत साडेचार. हिशोब तुम्हीच करा.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पडल्या पडल्या मी फोन उघडला. सवयीने पावलं बघायला. आणि पहिल्यांदाच खालचा नाडीचा आलेख बघितला. बारा वाजून सात मिनिटांनी रेघ सरळ वर गेलेली. ती तशीच वर... वर... आणि एक वाजून बावन्न मिनिटांनी खाली यायला लागलेली. माझ्या केस पेपरवर इंजेक्शनची वेळ लिहिली होती, एक पन्नास.

मी दोन्ही वेळा पुन्हा पुन्हा ताडून बघितल्या. कारण एक बावन्नला बँड पप्पांच्याच हातात होता आणि पप्पा दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते. पावलं बरोबर मोजली होती, दवाखान्यातल्या त्या पाऊण तासात दोन हजारांच्या वर. जन्मात घाबरले नसतील इतके ते तेव्हा घाबरलेले होते. नाडी त्यांची असती तर वर जायला हवी होती. ती शांतपणे चौऱ्याऐंशीवर येऊन थांबली होती. चालत ते होते आणि ठोके माझे होते.

मग मी मागचे दिवस उलटून बघितले. माझी तोंडी परीक्षा झाली त्या दिवशी सव्वाअकराला रेघ वर. निकाल लागला त्या दुपारी वर. चार महिने ते सगळं तिथेच होतं, मी बघितलं नव्हतं, कारण मला फक्त पावलं हवी होती.

पप्पांना सगळं सांगितलं. प्रोजेक्ट खोटा, डबे खोटे, टाळ्या खोट्या. त्यांनी माझ्या अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाले, "म्हणजे मी एवढं चाललो ते फुकटच की?" आणि हसले. तेव्हा मला रडू आलं. कित्येक महिन्यांनी आलं, आणि थांबेना.

गणिताचा पेपर अर्थातच बुडाला. सरांना जाऊन खरं सांगितलं, ती दोन क्रेडिटही गेली. कॉलेजच्या समुपदेशक मॅडमकडे दर आठवड्याला जायला लागले. आता अकराला झोपते. डबा स्वतः खाते, कुत्री माझ्यावर नाराज आहेत. संध्याकाळी मी आणि पप्पा आयटी पार्कच्या रस्त्याने चालतो, कधी पाच हजार होतात, कधी तीन. बँड त्यांनी मला परत दिला नाही. म्हणाले, राहू दे माझ्याकडे.

इथपर्यंत असतं तर मी म्हटलं असतं, सेन्सर बिघडला, योगायोग झाला. मित्रांनीही हेच सांगितलं आणि मी मान्य करत आले होते.

पण या सेमिस्टरला गणित पुन्हा दिलं. दुसरा प्रश्न वाचला आणि डोकं कोरं झालं. हात गार, छातीत तीच धडधड. घड्याळात दहा चाळीस झाले होते. मॅडमनी शिकवलं होतं तसं पेन खाली ठेवलं, श्वास मोजले. जरा वेळाने आतून काहीतरी सैल झालं आणि लिहायला लागले. पेपर बरा गेला. बाहेर येऊन बॅगेतला फोन चालू केला. पप्पांचा मेसेज होता. दहा त्रेचाळीसचा.

'माय घाबरायलीस का. हळू. पाणी पी.'

संध्याकाळी मी त्यांच्यावर चिडलेच. म्हटलं, ट्रॉली ओढताना सारखे बँडकडे बघत असता का, कुठे धडकलात म्हणजे? पप्पांनी बाही वर केली. मनगट मोकळं होतं. बँड फ्रिजवर होता, चार दिवसांपासून बंद, चार्जर सापडत नाही म्हणून.

"मग तुम्हाला कळलं कसं?" मी विचारलं.

"काय म्हाईत," पप्पा म्हणाले. "मनगटाला कळलं."

एवढं बोलून ते हातपाय धुवायला गेले. मी फ्रिजवरचा बँड उचलून बटण दाबून बघितलं, स्क्रीन काळीच होती. मला याचं उत्तर मिळालेलं नाही आणि आता ते मिळावं अशी घाईही नाही. बँड अजून तिथेच आहे, धूळ बसलीय. चार्जर आम्ही दोघांनीही शोधलेला नाही.