बुक्कीनं फोडलेला कांदा

काल जेवताना मुलानं बुक्कीनं कांदा फोडला आणि मी ताटावरून उठलो. तो वास मला सोसत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी आष्ट्याजवळच्या आमच्या मळ्यात भर दुपारी जेवायला बसलो होतो. माझे थोरले भाऊ, आण्णा, घास हातात असतानाच आडवे झाले. "फिट आली रं! कांदा लाव नाकाला," चुलते ओरडले. मी भाकरीवरचा कांदा बुक्कीनं फोडून आण्णांच्या नाकाशी धरला. घशातून अधूनमधून घरघर यायची.

"श्वास हाय गड्या, सोडू नगंस," चुलते म्हणत राहिले. मी सोडला नाही. रस कोपरापर्यंत ओघळला. मग कुणाची तरी जीप मिळाली.

आष्ट्याच्या दवाखान्यात शॉक देऊन आण्णांचं बंद पडलेलं हृदय चालू केलं. आई डॉक्टरांच्या पाया पडली. पुढं सांगलीला आण्णांनी डोळे उघडले, पण आईलाही ओळखलं नाही.

"पडल्या पडल्या छाती कुणी दाबली होती का?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई, कांदा लावला व्हता," आई म्हणाली.

"तेवढा वेळ मेंदूला रक्त मिळालं नाही," डॉक्टर म्हणाले.

आण्णा तीन वर्षं तसेच जगले. मी भरवायचो, ते भिंतीकडं बघत गिळायचे.

परवा शाळेत आम्हा शिक्षकांना रबरी पुतळ्यावर छाती दाबायला शिकवलं. तसली घरघर म्हणजे श्वास नव्हे, हेही सांगितलं. दोन्ही हातांनी जोर लावायचा, एवढंच.

जोर तर होता अंगात. एका बुक्कीत कांदा फुटला होता.