कऱ्हाटीतला गौरीचा प्रयोग

नाटकाच्या ग्रुपमध्ये स्क्रिप्ट हरवते, मिशा हरवतात, पण किस्सा कधी हरवत नाही. बारामतीच्या आमच्या हौशी मंडळींकडे एकट्या गौरीचेच इतके साठलेत, की चहाला बसलं की दुसरा विषय निघत नाही!

गौरी कऱ्हाटीची. घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवली, ती जगते बाई म्हणून. त्यावरून वडिलांनी, म्हणजे आबांनी, सहा वर्षं बोलणं टाकलेलं. आमचं नाटक तृतीयपंथीयांच्या इतिहासावर. जुन्या दरबारात त्यांच्या हाती खजिन्याच्या किल्ल्या असायच्या. पुढं इंग्रजांनी कायदा करून त्यांनाच गुन्हेगार ठरवलं, रजिस्टरात नावं चढवली. आबांनी एकदा तरी प्रयोग बघावा, एवढीच गौरीची आस होती.

पहिल्या तालमीला चहा मी वाटला. सगळ्यांना कपबशी, गौरीला कागदी कप! माझा हात तिकडं कसा गेला, माझं मलाच कळलं नाही.

चहा संपवून ती म्हणाली, "ताई, उद्या माझा कप घरनं आणते. तुमचा कागद तरी वाचंल!"

आजही आठवलं की मला लाज वाटते.

इंदापूरच्या प्रयोगाचा फॉर्म आमच्या दिग्दर्शकांनी, दिलीप सरांनी भरला. पुरुष तीन, स्त्रिया तीन. गौरीला कुठं घालावं कळेना, म्हणून 'इतर'मध्ये टाकलं. त्या रकान्यात आधीच होतं : पेटी, ढोलकी, दोन पडदे!

"सर, ढोलकीच्या वर तरी घाला की. आवाज माझा मोठा हाय!"

सरांनी कान पकडले आणि खाडाखोड केली. स्त्रिया चार.

नरसिंहपुरात तर भर प्रयोगात एक बाई तान्हं बाळ घेऊन थेट स्टेजवर! गौरीचा आशीर्वाद हवा होता. गौरी तेव्हा खजिन्याची पहारेकरी. तिनं बाळ कडेवर घेऊन प्रवेश तसाच पुढं नेला. सुलतान झालेले दिलीप सर किल्ल्या मागायला आले, तर किल्ल्या बाळाच्या तोंडात. सोडेचना!

"खाविंद, हा नवा पहारेकरी माझ्यापरीस कडक हाय!"

टाळ्यांच्या गडबडीत बाळ परत देताना ती बाईला हळूच म्हणाली, "आक्का, आता कधी चहालाबी बोलवा."

मग कऱ्हाटी. शाळेचं पटांगण, संध्याकाळची वेळ. माणसं कमी, म्हणून इंग्रज साहेबही दिलीप सरच. राज्य बदललं तरी राजा तोच! शेवटी साहेब रजिस्टर उघडून विचारतो, "हिला जामीन राहणारं गावात कुणी आहे का?" कुणीच बोलत नाही, गौरी एकटी उभी राहते आणि पडदा पडतो. दोरी माझ्या हातात होती.

मी ओढणार, तेवढ्यात मागं भिंतीजवळचे एक म्हातारे उठले. गौरीचे आबा! कधी येऊन बसले होते, देव जाणे.

"थांबा सायेब. माझ्या आज्याला इंग्रजांनी असंच चावडीवर हजेरीला हुभं केलं हुतं, चोराची जात म्हणून. त्याला जामीन कुनी राह्यलं न्हाय."

आबा चालत स्टेजपाशी आले.

"हिला मी हाय. बाप हाय मी हिचा. कुठं सही करू?"

सरांनी रजिस्टर आणि हातातलं नाटकातलं लिहायचं पीस पुढं केलं. आबांनी ते कागदावर दोनदा घासून बघितलं.

"ह्यानं उमटत न्हाय," म्हणाले, आणि बंडीच्या खिशातनं स्वतःचं बॉलपेन काढलं.