जिजाची उलटी गाठ

निर्मळमध्ये सुकेळी म्हटली की जिजाचं नाव निघायचं, आणि ते असंच निघत राहावं एवढीच तिची हाव होती. राजेळी केळी पिकवून सोलायची, आठवडाभर उन्हात वाळवायची, रोज संध्याकाळी पानात गुंडाळून झाकायची. शेवटी पुडा केळीच्याच वाळक्या दोरीने बांधायचा. जिजा डावखुरी, त्यामुळे तिची गाठ उलटी बसे.

यंदा गावच्या मंडळाच्या सुकेळ्यांच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस विनयाला गेलं. ही विनया सातिवलीच्या एका गोडाऊनमध्ये हिशेब लिहिणारी, राहायला फ्लॅटमध्ये. घरी उन्हाचा कवडसा यायची मारामार, आणि म्हणे सुकेळी! जिजाला उत्तेजनार्थ. चाळीस वर्षं हात चिकट करून घेतले त्याचं हे फळ. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

खरं तर जिजाने स्पर्धेला उरलीसुरली सुकेळी ठेवली होती. चांगले पुडे आशालताच्या दुकानात आधीच विकायला गेले होते. नाव बघून बक्षीस मिळणारच, असा तिचा भरवसा. पण पुड्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे होते, आणि परीक्षक रुडॉल्फ सर बाहेरच्या, सांडोर गावाहून आलेले. त्यांना काय कळतंय, असं तिने ठरवूनच टाकलं.

ती तडक टेबलाशी गेली, विनयाच्या ताटलीतलं एक सुकेळं उचललं आणि देवळासमोर जमलेल्या सगळ्यांच्या देखत चावलं.

"चामड्यासारखं चिवट," ती म्हणाली. "आनि आंबूस. ऊन लागलंच नाय याला. याला कोनी बक्षीस देतं?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. विनया मान खाली घालून उभी राहिली. जिजाला जरा बरं वाटलं.

तेवढ्यात आशालता तिच्याजवळ आली. तिच्या हातात विनयाच्या पुड्याची कापून काढलेली दोरी होती, गाठ तशीच.

"जिजाकाकी," ती हळूच म्हणाली, "ही उलटी गाठ तुझी. हा पुडा हिने माझ्याच दुकानातून नेला. सरांना सांगू? पयलं बक्षीस तुझंच आहे."

जिजाने गाठ बघितली. तोंडातला घास अजून संपला नव्हता. गोड होता. सगळे तिच्याकडेच बघत होते.

"नाय," ती म्हणाली. "माझी सुकेळी आंबूस नसतात."