फोटोतल्या पायाचं माप

मुलुंडच्या कारखान्यात मी ट्रेसर होते. ड्राफ्ट्समनने पेन्सिलीने काढलेल्या ड्रॉइंगवर निळसर ट्रेसिंग क्लॉथ पसरायचा आणि खालची प्रत्येक रेघ शाईने जशीच्या तशी वर उतरवायची, हे माझं काम. रेघ चुकलेली दिसली तरी चुकलेलीच उतरवायची. सुरुवातीला एकदा मी एका भोकाचं माप मनानेच दुरुस्त केलं होतं. तेव्हा हेड ड्राफ्ट्समनने मला बोलावून शांतपणे सांगितलं की तुला पगार हाताचा मिळतो. पुढचं तो बोलला नाही, पण मला कळलं. वडील गिरणीतून आजारी होऊन घरी बसलेले, भावंडं शाळेत. त्यामुळे मी हाताचा पगार घेत राहिले.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर मालवणकडचे काका-काकू राहत. मूलबाळ नव्हतं. काका रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते आणि मी सांगतेय त्या वेळी, म्हणजे सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला, नुकतेच रिटायर झाले होते. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, बोलणं मोजकं. त्यांच्या बाहेरच्या खोलीत तळहाताएवढा एक फोटो काचेत लावलेला होता. त्यात मोटरसायकलवर एक माणूस बसलेला. चामड्याची टोपी, मोठा गॉगल, तोंडावर धुळीचा थर आणि डाव्या बुटाखाली लोखंडी तळ. गाडीला दिवा नाही, हॉर्न नाही, पुढे मडगार्ड नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी नाशिकच्या बाजूला लष्कराच्या छावणीत मातीच्या सपाट रिंगणावर अशा गाड्या पळवत. रिंगण लंबगोल, वळण फक्त डावीकडे. वळताना मागचं चाक मुद्दाम घसरू द्यायचं आणि डावा पाय लोखंडी तळावर टेकवून तोल सांभाळायचा. काका तरुणपणी त्या छावणीत होते. फोटोतला माणूस म्हणजे काका, हे इमारतीतली लहान पोरंसुद्धा सांगत.

रिटायर झाल्यावर काकांनी मागच्या पडवीत गोणपाटावर एक इंजिन आणून ठेवलं. कुर्ल्याच्या भंगारात त्यांना ते सापडलं होतं. लष्कराने काढून टाकलेल्या एका विलायती गाडीचं, एकाच सिलिंडरचं. दोन-तीन महिने ते रॉकेलात पार्ट धूत बसलेले दिसायचे. फोटोतल्या गाडीच्याच मापाच्या दोन रिमाही कुठूनशा मिळाल्या. मग एका शुक्रवारी, आमच्या कारखान्याची सुट्टी शुक्रवारी असे, ते फोटो काचेतून काढून आमच्याकडे वर आले. म्हणाले, इंजिन झालं, चाकं झाली, आता फ्रेम हवी. फ्रेम बाजारात मिळत नाही, ती बनवावी लागेल, आणि बनवायला ड्रॉइंग हवं. तू यंत्रांची चित्रं काढतेस असं ऐकलं.

मी खरं सांगितलं. मी काढत नाही, गिरवते.

"मग ही गिरव," ते म्हणाले आणि फोटो माझ्यासमोर ठेवला.

आईला ते फारसं रुचलं नाही. तिचं म्हणणं, सहा दिवस डोळे फोडतेस, सातव्या दिवशी तरी त्यांना विश्रांती दे. पण मला झोप येईना. फोटो किंचित तिरका घेतलेला होता, त्यामुळे चाकं गोल नव्हती, उभट दिसत होती. मग लक्षात आलं की यातच सगळं आहे. खरी रिम तर काकांच्या पडवीत होती. तिची उंची मोजली की फोटोतल्या उंचीशी प्रमाण मिळतं, आणि चाक किती चपटं दिसतंय त्यावरून फोटो किती तिरका आहे ते कळतं. मी भिंग आणि डिव्हायडर घेऊन बसले. त्या छोट्या फोटोवरून एकेक नळीची लांबी निघत गेली. पुढच्या फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा, कलता कोन निघाला तेव्हा मी वडिलांना उठवून दाखवला. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. तरी त्यांनी तो नीट पाहिला.

नंतरचे कितीतरी शुक्रवार मी काकांच्या खोलीत जमिनीवर कागद चिकटवून पूर्ण मापाचं ड्रॉइंग काढत होते. काकू कांदे-बटाटे त्या कागदाला वळसा घालून आत नेत. काका बाजूला बसून माझी रेघ बघत. दोनदा मी सवयीने मागच्या चाकाला ब्रेक काढला आणि दोन्ही वेळा त्यांनी न बोलता खोडला. तिसऱ्यांदा मी विचारलं, तर म्हणाले, रिंगणात मागून चारजण येत असतात. एकाने ब्रेक मारला की मागचे त्याच्यावर चढतात. कोणालाच ब्रेक नसला की सगळे सुटतात.

सीट आणि फुटरेस्ट राहिले होते. ते फोटोत माणसाच्या अंगाआड गेले होते, म्हणून मी उलट बाजूने जायचं ठरवलं. माणसाचं माप ठाऊक असलं की सीट कुठे असेल ते काढता येईल. काकांना स्टुलावर बसवलं, फोटोतल्यासारखा गुडघा वाकवायला सांगितला आणि कमरेपासून गुडघा, गुडघ्यापासून टाच मोजली. मग फोटो मोजला. जमेना. पुन्हा मोजलं. फोटोतली तंगडी अडीच इंचांनी लांब येत होती.

आधी मला वाटलं माझं प्रमाणच चुकलं. पण बाकी सगळी मापं जुळत होती. मी हसत हसत म्हटलं, काका, तुमचा पाय इतक्या वर्षांत आखडला बहुतेक.

काकांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. काकू बाजारात गेल्या होत्या.

"तो मी नाय गो," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, जमिनीकडे बघत, थांबत थांबत. फोटोतला गोरा साहेब होता. गाडी मात्र काकांची होती. साहेबाने तीन मोडक्या गाड्या त्यांच्यासमोर टाकल्या होत्या आणि त्यांतून ही एक त्यांनी उभी केली. नळ्या त्यांनी वाकवल्या, फोर्कचा कोन त्यांनी ठरवला, तो लोखंडी तळही मोटारीच्या बंपरमधून त्यांनीच कापला. पण रिंगणात उतरायची परवानगी आपल्या माणसांना नव्हती. शर्यतीच्या आधी गाडी ढकलून सुरू करून द्यायची आणि दोरीमागे उभं राहायचं. लढाई लागली, साहेब गेला, त्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. गाडीही कोणीतरी नेली. काकांना हा फोटो मिळाला. लग्न ठरताना मधल्या माणसाने मुलीकडच्यांना सांगितलं की मुलगा शर्यती पळवतो, बघा फोटो. काकांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

"तेव्हाच बोलायचं होतं," ते म्हणाले. "मग राहून गेलं."

मी विचारलं, मग सीट कोणाच्या मापाची करायची? ते म्हणाले, फोटोत आहे तशीच. नक्कल म्हणजे नक्कल, अर्धा इंच इकडे-तिकडे नको.

पुढच्या आठवड्यात मी वेल्डरसाठी शाईची प्रत केली. सीटपर्यंत आले आणि पेन थांबला. जिला रेघ बदलू नको असं बजावलेलं, ती मी. पण मला तो माणूस दोरीमागे उभा दिसत होता, आणि आता तो म्हातारपणी स्वतःच्याच गाडीवर पाय न पोचता बसणार होता. मी सीटखालची नळी अडीच इंच खाली घेतली, फुटरेस्ट पुढे सरकवला आणि कोणाला काही न बोलता प्रत देऊन टाकली.

भांडुपला एक वेल्डर होता, त्याच्या शेडमध्ये काम झालं. नळीत कोरडी वाळू ठासून, दोन्ही तोंडं लाकडी बुचांनी बंद करून, ती लाल तापवून वाकवायची, म्हणजे वळणावर चेपत नाही. काका स्वतः वाकवत, वेल्डर नुसता गॅसचा टॉर्च धरी. फ्रेम उभी राहिली, इंजिन बसलं, चाकं चढली. मीही पाहायला गेले होते. काका सीटवर बसले. दोन्ही तळवे जमिनीला पुरे टेकले. मग ते उतरले, खिशातली टेप काढली आणि मोजलं.

"ह्या माप कोणाचा?"

"तुमचं," मी म्हटलं.

ते वेल्डरला शेड बंद कर म्हणाले आणि एकटेच निघून गेले. पुढचे तीन शुक्रवार त्यांच्या खोलीचं दार मला उघडं दिसलं नाही. आपण म्हाताऱ्या माणसाचा शब्द मोडला, त्याची एकुलती एक गोष्ट बिघडवली, असं वाटून मी काळजीत पडले. वेल्डर सांगत होता की काका एकदा येऊन गेले, सीटखालची नळी कापायला टॉर्च पेटवायला लावला, आणि थोड्या वेळाने विझवायला सांगितला.

चौथ्या शुक्रवारी ते वर आले. हातात बंपरचा कापलेला पत्रा होता. माझ्यासमोर एक कोरा कागद ठेवला, चप्पल काढली आणि डावा पाय त्यावर ठेवला.

"काढ," म्हणाले.

मी पायाभोवती पेन्सिल फिरवली. माझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हा प्रकार बघत होती. तिने चहा टाकला.

मार्चमध्ये गाडी तयार झाली. मुलुंडच्या पूर्वेला खाडीकडे मिठागरं आहेत. त्यांच्या कडेची एक जुनी, वापरात नसलेली जमीन उन्हाने टणक झाली होती, सिमेंटसारखी. हातगाडीवर मोटरसायकल बांधून आम्ही सकाळी तिथे गेलो. काका, वेल्डर आणि मी. काकूंना त्यांनी सांगितलं नव्हतं. गाडीला किक नव्हती, ती ढकलून सुरू करायची. वेल्डरने आणि मी ढकललं. मी साडी खोचून धावले. दोनदा गाडी नुसतीच खोकली. तिसऱ्यांदा एकदम हातातून सुटली आणि मी गुडघ्यांवर पडले.

पहिला फेरा काकांनी दोन्ही पाय बाहेर सोडून घेतला, सायकल शिकणाऱ्या पोरासारखा. वेग कसला नव्हताच. दुसऱ्या फेऱ्याला पाठ वाकली. तिसऱ्या फेऱ्याला वळणावर गाडी डावीकडे कलली, लोखंडी तळ जमिनीवर घासला आणि त्याचा कर्रर्र आवाज इंजिनच्या वरून आम्हाला ऐकू आला. मागचं चाक हातभर बाहेर सरकलं आणि पुन्हा सरळ झालं. वेल्डर माझा दंड धरून उभा होता, ते त्याच्या लक्षातही नव्हतं. चौथ्याला ते कडेच्या मऊ चिखलात शिरले आणि आडवे झाले.

आम्ही धावलो. गाडी त्यांच्या पायावर होती, सायलेन्सरने पोटरी भाजली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते पोटरीमुळे नसावं, कारण उठवताना त्यांनी पहिलं विचारलं की मागचं चाक किती सरकलं ते पाहिलंत ना. आम्ही सांगितलं, पाहिलं.

घरी काकूंनी पोटरीवर कोरफडीचा गर लावला. आता सगळं सांगावं लागणार, असं काकांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी सुरुवात केली, तो फोटो आहे ना, त्यात. काकूंनी मान वर केली नाही.

"गोरा आहे तो," त्या म्हणाल्या. "तुमचे लेंगे मी शिवते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ठाऊक आहे."

काकांनी विचारलं, मग कधी बोलली का नाहीस. काकू म्हणाल्या, तुम्ही कधी खोटं बोलला नव्हतात, मग मी काय बोलू. आणि थोड्या वेळाने, गर लावून झाल्यावर, "आता चालवलीत ना? मग झालं."

ते ड्रॉइंग मी हेड ड्राफ्ट्समनला नेऊन दाखवलं. त्याने त्यातली एक चूक काढली, चेनच्या रेषेतली, ती खरोखरच चूक होती. पुढच्या महिन्यापासून मला अधूनमधून छोटे पार्ट स्वतः काढायला मिळू लागले.

काका नंतर दोन उन्हाळे मिठागरावर गेले. जुन्या मोटरसायकलींचं वेड असलेले वांद्र्याचे दोघे मित्र कोणाकडून तरी ऐकून आले. गाडी अस्सल आहे का, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, नक्कल आहे, पण पहिलीही मीच केली होती. त्या दोघांनी माझ्या ड्रॉइंगवरून आणखी एक बनवली, सीट त्याच मापाची. दोघेही उंच होते, त्यांचे गुडघे हँडलला लागत. बदलून देऊ का, असं मी विचारलं तर म्हणाले, नको, मूळची आहे तशीच हवी. मी काकांकडे पाहिलं. ते चहात बिस्कीट बुडवत होते.

काका गेले तेव्हा माझं लग्न होऊन मी ठाण्याला राहायला गेले होते. गाडी बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी उभी होती. चोरीच्या भीतीने ते ती पडवीत ठेवत नसत. वांद्र्याच्या त्या दोघांपैकी एकजण तीनदा काकूंना भेटायला आला, तिसऱ्यांदा त्यांनी गाडी त्याला नेऊ दिली. त्यानंतर मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी आपली खाट त्या खिडकीखाली आणून टाकली होती. मला शेजारी बसवलं. म्हणाल्या, बघ, इथे केवढा वारा येतो. इतकी वर्षं त्यांनी अडवून ठेवला होता.

मग उठल्या आणि मला खायला काय आहे ते बघायला आत गेल्या.