बन्सीलाल सरांनी न केलेलं भाषांतर

बन्सीलाल सर टाय बांधून फोनवर बोलतात. समोरच्याला टाय दिसत नाही, हे मी एकदा त्यांना सांगून पाहिलं. म्हणाले, "आवाजात दिसतो."

रावेरला स्टेशन रोडवर त्यांचा पाचवी ते दहावीचा क्लास आहे. पाटीवर 'सर्व विषय' असं लिहिलंय आणि ते खरंही आहे, कारण सरांना सगळे विषय सारखेच येतात. मी तिथे तीन वर्षं बसलो. बाहेर पडलो तेव्हा मला इंग्रजीत एकच वाक्य बिनचूक येत होतं, ते म्हणजे मे आय गो आउट.

दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा असतो. सर पहिल्याच दिवशी प्रत्येकाचं पुस्तक मागून घ्यायचे आणि त्या धड्याच्या पानांना चारी बाजूंनी स्टेपलर मारून परत द्यायचे. पोरींच्या पुस्तकांना दोन पिना जास्त. धडा मार्कांना असायचा, पण सरांच्या मते तेवढे मार्क गेलेले परवडतात. घरी जाऊन आम्ही पहिलं काम पिना काढायचं केलं, हे सांगायला नकोच. पुस्तकाचा दुसरा कुठलाही धडा त्या वर्षी एवढा वाचला गेला नाही.

अशा माणसाला इंग्लंडच्या दवाखान्यांनी कामावर ठेवलं. म्हणजे थेट नाही. मधे एक कंपनी होती. तिकडच्या दवाखान्यात इंग्रजी न येणारा पेशंट आला की नर्स कंपनीला फोन लावते, कंपनी दुभाष्याला जोडून देते आणि तो घरबसल्या इकडचं तिकडे करतो. मराठीसाठी त्यांना माणूस हवा होता. सरांची परीक्षा फोनवरच झाली. प्रश्न निघाले रक्तदाबावर आणि गुडघ्यावर, आणि या दोन्ही गोष्टी सरांच्या घरातच असल्यामुळे ते पास झाले. ऐकलेलं कुठे बोलायचं नाही, अशी कंपनीची अट. सर ती पाळत, म्हणजे नाव तेवढं सांगत नसत. "आज लंडनच्या एका आजोबांची मूळव्याध बघितली," असं पानाच्या टपरीवर सांगायचे, जणू चाकू यांच्याच हातात होता.

आता नूतनबद्दल. नूतन आमच्या दहावी ब ची. केळीवाल्या इंदिराबाईंच्या धाकट्या मुलाला, नवीनला दिली. नवीन इंग्लंडात एका गोदामात रात्रपाळी करतो, ही त्याच्याबरोबर गेली. बी.कॉम. झालेली असूनही तिचं इंग्रजी कच्चं, कारण तीही बन्सीलाल सरांच्याच क्लासची. ही सगळी हकिगत तिने मला व्हॉइस मेसेजवर सांगितली. ऐकताना माझे कान तापले, म्हणून मी चालता चालता ऐकली. लिहू का विचारलं तर म्हणाली, लिही, घाबरतोस काय.

तिकडे तिला वृद्धांच्या केंद्रात काम मिळत होतं. महिनाभराने प्रशिक्षण सुरू होणार होतं. दिवसभर उभं राहायचं, म्हाताऱ्यांना उचलायचं. पोटात मूल असतं तर ती जागा दुसरीला गेली असती. आणि इकडून इंदिराबाई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर एकच प्रश्न विचारायच्या, काही बातमी? नूतनने जाताना मूल न होण्याच्या गोळ्यांची सहा महिन्यांची पाकिटं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठात दडवून नेली होती. ती संपली. पुन्हा मागवायची कशी? आमच्याकडे कोणी परदेशी निघालं की पार्सल ओट्यावर भरतात. आख्खी गल्ली बघायला येते, प्रत्येक पुडी हातात घेऊन वास घेते. त्यात गोळ्या पाठवणं म्हणजे गावात दवंडी देणं.

गावाला हसायचा मला फार अधिकार आहे असंही नाही. रावेरची लग्न झालेली माणसं निरोध घ्यायला गाडीत बसून भुसावळला जातात, कारण इथला मेडिकलवाला कोणाचा तरी मामा लागतो. जंक्शन एवढं मोठं कशाला लागतं, ते मला लग्नानंतर कळलं.

तर गोळ्यांत दहा दिवसांचा खंड पडला. नवीनला सांगितलं तर तो "तूच बघ" म्हणून झोपला, आणि त्याच आठवड्यात एकदा जागाही झाला. दोन दिवस नूतन नुसती बोटं मोजत बसली. मग शेजारच्या एका बाईने तिला अशा कामाच्या दवाखान्याचा पत्ता दिला. तिथे पैसे घेत नाहीत, नवऱ्याची सही मागत नाहीत, सासूला कळवत नाहीत. नर्सने भाषा विचारली. नूतन म्हणाली, मराठी. नर्सने फोन स्पीकरवर टाकला.

तिकडे सकाळचे दहा, रावेरला दुपारचे अडीच. फोनमधून पहिलं वाक्य आलं, "व्हॉट हॅपन्ड इज दॅट, आय ॲम युवर इंटरप्रिटर."

जगात 'व्हॉट हॅपन्ड इज दॅट' ने सुरुवात करणारा माणूस एकच.  सात हजार किलोमीटर लांब येऊन खोलीत नर्स, ती आणि बन्सीलाल सर. ते इंदिराबाईंच्या गल्लीपासून तिसऱ्या गल्लीत राहतात. सरांनी नियम मोडून लगेच गाव विचारलं. आपल्या माणसाला गाव विचारल्याशिवाय आपल्याला पुढचं सुचत नाही. नूतनने खोटंच पिंपळनेर सांगितलं आणि पुस्तकी मराठी बोलायला लागली.

नर्सने पहिला प्रश्न विचारला. वर्षभरात नवऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाशी संबंध आला का? तिथे हे सगळ्यांनाच विचारतात, तपासणी ठरवायला. सरांनी तो मराठीत आणलाच नाही. परस्पर उत्तर दिलं, "नो मॅडम. शी इज फ्रॉम गुड फॅमिली."

नर्स म्हणाली, कृपया त्यांना विचारा. सरांनी नूतनला विचारलं, "तब्येत बरी ना?" नूतन बरी म्हणाली. सरांनी तिकडे 'नो' कळवलं.

पुढचा प्रश्न मात्र नूतनला पुरा समजला, कारण त्यात 'फाइव्ह डेज' होतं आणि 'कंडोम' होतं. या पाच दिवसांत त्याशिवाय संबंध आला का, यावर सगळं अडलं होतं. आला असेल तर तातडीची गोळी आजच घ्यायला हवी होती. उद्यावर टाकणं तिच्या नोकरीला महागात पडलं असतं. आपल्याला मराठीत विचारतील म्हणून नूतन फोनकडे बघत राहिली. फोनमधून सर नर्सला म्हणाले, "नो, नो. नथिंग लाइक दॅट."

नर्सने कागदावर खूण केली आणि उठून रोजच्या गोळ्यांच्या कपाटाकडे वळली.

नूतन म्हणते, त्या वेळी माझ्या तोंडून इंग्रजी कसं आलं ते मलाच माहीत नाही. "यस," ती म्हणाली. "यस. टू डेज बिफोर. नो कंडोम."

नर्स जागच्या जागी थांबली. फोनमधून हळूच मराठी आलं, "बाई, हे असं चारचौघांत बोलू नये."

"सर," नूतन घरच्या बोलीत म्हणाली, "मी नूतन. दहावी ब ची. तुम्ही मले न इचारता माह्यं उत्तर देऊन टाकलं."

 मग सर म्हणाले, "इंदिराबाईंना माहितेय का हे?"

चोवीस वर्षं शिकवलेल्या माणसाला, एक पोरगी परमुलखात एकटी बसून मदत मागत असताना, सुचलेला हा प्रश्न. तो सुद्धा कंपनीच्या वेळात.

नूतनने नर्सला हाताने खूण केली, तोडा. नर्सने फोन तोडला, खुर्ची पुढे ओढली आणि कागदावर चित्रं काढत हळूहळू बोलायला लागली. एक गोळी तिथेच पाण्याबरोबर घ्यायला लावली. रोजची गोळी आजपासून सुरू, आणि पहिले सात दिवस निरोध वापरायचा, हे तिने सात रेघा ओढून दाखवलं. तीन आठवड्यांनी पाळी आली नाही तर परत ये म्हणाली. चाळीस मिनिटं लागली. नूतनला सगळं समजलं.

त्यानंतर कंपनीने सरांना काम दिलं नाही. नर्सने कळवलं असणार. सर टपरीवर वेगळं सांगतात. "तिकडे बायकांना काय काय विचारतात, मला ऐकवेना. मीच सोडलं." आणि समोर बसलेली माणसं, ज्यांच्या खिशात भुसावळचं तिकीट सापडेल, ती गंभीर चेहऱ्याने माना हलवतात. इंदिराबाईंना त्यांनी काही सांगितलं का? सांगायचं तर नेमका शब्द उच्चारायला लागला असता, आणि तेवढी हिंमत सरांमध्ये नाही. नूतनचा बचाव झाला तो एवढ्यावर. त्याचं श्रेय मी त्यांना देणार नाही.

एकोणिसाव्या दिवशी पाळी आली. मला तिने मेसेजमध्ये फक्त "आली" एवढंच लिहिलं, आणि मी भर बाजारात मोटरसायकल थांबवली.

त्या रविवारी इंदिराबाईंचा व्हिडिओ कॉल आला. काही बातमी?

नूतन म्हणाली, "हो. सोमवारी नोकरीवर चाल्ले."

 इंदिराबाई म्हणाल्या, फोन नवीनला दे. तो झोपलाय, असं नूतनने सांगितलं. नवीन समोर बसून चहात बिस्किट बुडवत होता, आणि त्यानेही ते खोटं पाडलं नाही.