ब्रेकच्या तेलावरचा तवंग

वहिनींचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. घरात, नात्यात, सगळीकडे त्याचं कारण ‘अपघात’ असं सांगतात. मीही तेच सांगत आलो. खरं कारण त्याहून साधं आहे आणि ते मला अपघाताच्या आदल्या दिवसापासून माहीत होतं.

गाडी दादाची. दादा फौजेत सुभेदार होता. दिल्ली कँटला असताना एक साहेब परदेशी निघाले, त्यांची जुनी जपानी सेडान त्याने हौसेने घेतली. काळपट निळी, जमिनीला टेकलेली. ॲक्सिलरेटर दाबत नेला की एका जागी इंजिनाचा आवाजच बदलायचा, घोगरा होता तो एकदम सुरात यायचा. पहिल्यांदा मला शेजारी बसवून त्याने ती पळवली तेव्हा मी दाराची मूठ धरून बसलो होतो.

“प्रोफेसर, श्वास घे. मरत नाहीस.”

मी प्रोफेसर नाही. गुरुग्रामच्या एका कंपनीत स्क्रीनसमोर बसून आयुष्य काढलं. लहानपणी पुस्तकात तोंड घालून बसायचो म्हणून दादाने हे नाव ठेवलं. माझ्या हाताला काही काम येत नाही, असा त्याचा अर्थ होता. सायकलची चेन उतरली तरी मी दादाला हाक मारायचो. गंमत म्हणजे गाडीतलं त्यालाही कळत नसे. चालवायला पटाईत, पण पाना कधी हातात धरला नव्हता. फौजेत त्यासाठी वर्कशॉप असतं.

पुढे त्याची बदली ईशान्येकडे झाली आणि गाडी दिल्लीतल्या द्वारकेला आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये येऊन राहिली. कव्हरखाली तिची वर्षं भरत गेली. पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षं झाली की दिल्लीत तिला रस्ता बंद. दादा निवृत्त होऊन कँटला परतला, साताऱ्याला घर बांधून झालं होतं, जायची तयारी सुरू होती.

“साताऱ्याची ना-हरकत काढलीये,” तो म्हणाला. “पण ट्रकवर चढवून नेणार नाही हिला. चालवत नेणार. दसऱ्याला निघायचं. यंदा खरंखुरं सीमोल्लंघन, काय?”

“चालू तरी होतेय का बघा आधी,” वहिनी म्हणाल्या. “उंदरांनी वायरी खाल्ल्यात तिच्या. भावजी, तुम्हीच सांगा ह्यांना.”

“मी करतो तयार,” मी म्हणालो.

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मग दादा हसला. “तू?”

त्या ‘तू’साठी मी तो सगळा पावसाळा बेसमेंटमध्ये घालवला.

आणि मला ते जमत गेलं, हेही लिहायला हवं. मॅन्युअलची झेरॉक्स मिळवली, कश्मीरी गेटला फिरून पार्ट शोधले. वायरिंग जोडलं. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं गॅस्केट बदललं, कूलंटचे पाइप बदलले, टाकीतलं नासलेलं पेट्रोल काढलं. इंजिन पहिल्यांदा लागलं तेव्हा शेजारच्या खांबावरची कबुतरं फडफडून उडाली आणि मी एकटाच मोठ्याने हसलो. पन्नाशीला आलेला माणूस, कोपरापर्यंत काळा.

बेसमेंटमध्ये गाड्यांचं काम करायचं नाही, असा सोसायटीचा नियम होता. कुणीतरी फरशीवरच्या तेलाच्या डागाचा फोटो ग्रुपवर टाकला. गार्ड खाली आला.

“सर, सेक्रेटरी साहब बोल रहे हैं, ये वर्कशॉप बंद करो. फिर से डिब्बे-विब्बे दिखे तो फाइन लगेगा.”

“बिल्कुल भैया, हो गया काम.”

काम व्हायचं होतं. ब्रेक आणि स्टिअरिंग राहिलं होतं. मी भांडायला हवं होतं किंवा गाडी बाहेर कुठे गॅरेजला न्यायला हवी होती. मी लपवायचं ठरवलं. लपवणं मला नेहमीच सोपं गेलंय. तेलांचे डबे वर नेले आणि लागेल तेवढं तेल लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत ओतून, ऑफिसच्या डब्याच्या पिशवीतून खाली आणू लागलो. कुणी बघितलं तर वाटावं, साहेब डबा विसरले होते गाडीत. बरण्या सारख्याच. आमच्या घरात बरणी टाकत नाहीत, धुऊन माळ्यावर ठेवतात, तिथल्याच दोन. एकीत ब्रेक ऑइल, दुसरीत पॉवर स्टिअरिंगचं. दोन्ही फिकट पिवळी. झाकणांवर चिकटपट्टी लावून खुणा केल्या होत्या, पण तेलकट हातांनी पट्ट्या कधी सुटून पडल्या मला कळलं नाही.

नवे पॅड बसवले, सगळ्या चाकांतून जुनं तेल काढलं, नवं भरलं. पेडल छान कडक झालं. दादाला बोलावलं. त्याने सेक्टरच्या आतल्या आत एक फेरी मारली, उतरला, बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

“जमलं रे तुला,” तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला. आणि मला नुसतं प्रोफेसर न म्हणता नावाने हाक मारली.

खंडेनवमीला सकाळी मी सगळे पाने रॉकेलने धुतले, पुसले, पाटावर मांडले. आई होती तेव्हा त्या दिवशी कोयता-खुरपीसुद्धा पाटावर यायची, आणि एकदा हळद-कुंकू लागलं की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. बायकोने पूजा केली. मी सहज म्हणून खाली गेलो, उद्या निघायचंय तर सगळ्या पातळ्या बघून घ्याव्यात. बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण फिरवलं.

झाकणाच्या आत एक रबरी चकती असते. ती फुगली होती. भिजत घातलेल्या पापडासारखी कड वर आली होती. परत बसवायला गेलो तर बसेना.

मॅन्युअलमध्ये त्यावर चौकटीत एक सूचना होती, ती मी वाचलेली होती. ब्रेकमध्ये खनिज तेल, म्हणजे स्टिअरिंगचं, गेलं की रबर फुगतं. आधी झाकणातलं, मग आतलं, चाकांपर्यंतचं सगळं. फुगलेलं रबर ब्रेक सोडत नाही. ब्रेक घासत राहतात, तापतात, आणि पुरेसे तापले की तेल उकळतं. मग पेडल दाबलं तरी खाली काही नसतं.

माझा विश्वास बसेना. ड्रॉपरने डबीतलं थोडं तेल काढून वर आणलं, वाटीत पाणी घेऊन त्यात सोडलं. ब्रेकचं तेल पाण्यात विरघळतं. माझं तेल आमटीवरच्या तवंगासारखं पसरून वर राहिलं. मी वाटी हलवली. तवंग तुटला, पुन्हा एक झाला.

“काय करताय?” बायकोने विचारलं.

“काही नाही. बघत होतो.”

वाटी मी साबणाने धुतली.

त्या दुपारचं मी काहीही सांगू शकतो. घाबरलो होतो, सुचलं नाही. पण मला स्वच्छ सुचत होतं. फोन उचलायचा, दादाला म्हणायचं, आठवडाभर थांब, ब्रेकचं सगळं रबर बदलावं लागेल, माझ्याकडून चूक झाली. एवढंच. तो काय म्हणेल तेही ऐकू येत होतं. “वाटलंच होतं, प्रोफेसर.” मी नंबर काढला, स्क्रीन काळी होईपर्यंत बघत बसलो. मग स्वतःला समजावलं की थोडंसंच गेलं असेल. महामार्गावर ब्रेक कितीसे लागतात. साताऱ्याला पोचला की म्हणेन, एकदा तिकडच्या मेकॅनिकला दाखव.

झाकण तसं ठेवता येत नव्हतं, दादाने सकाळी बॉनेट उघडलं असतं. पाटावरच्या हत्यारांना हात लावायचा नव्हता. ते मी पाळलं. दाढीचं ब्लेड घेतलं आणि चकतीची फुगलेली कड गोल कापून काढली. झाकण बसलं.

दसऱ्याला सकाळी गाडी सोसायटीच्या गेटपाशी उभी होती, झेंडूची माळ घालून. वहिनींनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. गार्डने फोटो काढले. दादाने माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली, मी वाकलो, त्याने पाठीवर थाप मारली.

“सस्पेन्शन, ब्रेक, सगळं ओके ना?”

“ओके.”

“बघ हां. होम मिनिस्टर बसल्यात शेजारी.”

“मला कशाला मधे घेता,” वहिनी म्हणाल्या. “भावजींनी केलीये म्हणून बसतेय. तुम्ही केली असती तर रेल्वेने गेले असते.”

लिंबं चिरडून गाडी निघाली. वळणापर्यंत तिचे मागचे लाल दिवे दिसले, आणि मला वाटलं की ते जरा जास्तच वेळ लागून राहिले.

फोन आला तेव्हा आम्ही जेवायला बसत होतो. जयपूर मागे टाकून ते एका ढाब्यावर थांबले होते.

“अरे, पुढच्या चाकांपाशी जळका वास येतोय,” दादा म्हणाला. “रिमला हात लागवत नाही. गाडी पण ओढल्यासारखी चालतेय.”

माझ्या ताटात बायकोने श्रीखंड वाढलं होतं. मी त्याच्याकडे बघत होतो.

“पॅड नवे आहेत,” मी म्हणालो. “घासून घासून बसतील.”

“बसतील ना?”

“बसतील.”

बायको माझ्याकडे बघत होती. मी जेवलो. चव लागली, हे मला आजही समजत नाही.

त्यानंतरचा फोन अनोळखी नंबरवरून आला, दादाच्या नव्हे. कुणीतरी माणूस ओरडून बोलत होता, मागे हॉर्न वाजत होते. “भाईसाहब ठीक हैं, मैडम की तरफ से गाड़ी पूरी अंदर चली गई है.” दगडांनी भरलेली ट्रॉली पुढे चालली होती. ती हळू झाली. दादाने ब्रेक दाबला, पेडल पार तळाला गेलं. त्याने हँडब्रेक ओढला, गाडी फिरली आणि वहिनींच्या बाजूने ट्रॉलीखाली घुसली.

मी संध्याकाळी जयपूरच्या हॉस्पिटलला पोचलो. पाय तोवर काढला होता. दादा कॉरिडॉरमध्ये बाकावर बसला होता, कपाळाला पट्टी. मला बघून उठला आणि मी काही बोलायच्या आत त्याने माझे दोन्ही हात धरले.

“तू मनाला लावून घेऊ नको,” तो म्हणाला. “गाडी तू चोख केली होतीस. तापलेली असताना मीच दामटली, पायही उशिरा मारला असणार. वय झालं रे माझं.”

मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते त्याने त्याच्या सोयीने घेतलं असेल. गाडी तिकडेच भंगारात गेली. पोलिसांनी विचारलं, “इतनी पुरानी गाड़ी लेके निकले ही क्यों?” तेवढीच चौकशी. दादाने त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही.

पुढच्या वर्षी कृत्रिम पाय बसवायला ते दिल्लीला आले आणि आमच्याकडे राहिले. मी ऑफिसला जास्त वेळ थांबू लागलो. घरी आलो की वहिनी पॅसेजमध्ये भिंतीला धरून चालायचा सराव करत असायच्या आणि दादा मागे हात पसरून, लहान मुलामागे चालावं तसा.

एका रविवारी दादा दूध आणायला खाली गेला होता. वहिनींनी मला हाक मारली.

“भावजी, एक काम करा ना. ह्यांना एकदा सांगा, चूक तुमची नव्हती म्हणून. माझं ऐकत नाहीत. झोपेत पाय दाबतात हो, पलंगाच्या कठड्यावर. दण्णकन. ब्रेक मारतात. मी उठवते, मग रडतात. तुमचं ऐकतील. गाडीतलं तुम्हालाच कळतं.”

दादा वर आला. मी त्याला बाल्कनीत घेऊन गेलो, दार ओढून घेतलं आणि सांगितलं. बरण्या, चकती, वाटी, ब्लेड. तो कठड्याला टेकून खाली पार्किंगकडे बघत होता. मला वाटलं होतं मारेल.

“तुला कधी कळलं? आम्ही निघाल्यावर?”

“आदल्या दिवशी.”

“मी ढाब्यावरून फोन केला तेव्हा माहीत होतं?”

“हो.”

त्याने दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“हिला सांगितलंस?”

“नाही.”

“जा. सांग.”

आत वहिनी पलंगावर बसल्या होत्या, पाय काढून शेजारी ठेवलेला. “सांगितलंत का हो?” त्यांनी आशेने विचारलं. मी खाली फरशीवर बसलो आणि सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जातं असं नाही.

“फोन स्पीकरवर होता,” त्या शेवटी म्हणाल्या. “हे म्हणत होते, इथेच मेकॅनिक बघू या. तुमचा आवाज ऐकून मीच म्हटलं, भावजी म्हणतायत ना बसतील, मग चला.”

मग म्हणाल्या, “तो पाय द्या इकडे.”

मी दिला. वाटला त्यापेक्षा जड होता. त्यांनी तो चढवला, पट्टे आवळले, आणि दादाला हाक मारून सांगितलं, बॅग भरा, आपण कँटला गेस्ट रूममध्ये राहू. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने त्या दिवशी मला काहीच विचारलं नाही, नंतरही फार कमी विचारलं. लिफ्टपाशी मी बॅगेला हात लावला तेव्हा दादा म्हणाला, “राहू दे.” त्याने मला अजून तरी त्यापुढे काही म्हटलेलं नाही.

दादाने किंवा वहिनींनी हे बाहेर कुणाला सांगितलं नाही. त्यामुळे गावाकडे अजून दादाचंच नाव घेतात. लग्नकार्यात कुणीतरी विषय काढतं, फौजी माणूस, जुनी गाडी, दामटली असेल जोरात, बिचारीचा पाय गेला. मी तिथेच पंगतीत बसलेला असतो. मी ऐकून घेतो.

घेत होतो, हे लिहीपर्यंत.