सासूबाई रेडिओवर गेल्या तेव्हा

सासूबाईंची मुलाखत दुपारी होती आणि मी सकाळपासून घरभर येरझाऱ्या घालत होते. रेडिओवाल्यांना व्यवसाय करणाऱ्या बायकांशी गप्पा मारायच्या होत्या. आमचा आगरी मसाला तळवलीतून पार उलव्यापर्यंत जातो, महाप्याच्या ऑफिसांतल्या बायका किलोकिलोने नेतात, आणि पाकिटावर फोटो सासूबाईंचा. साहजिकच बोलावणं त्यांना आलं. आमचे हे त्यांना गाडीतून स्टुडिओत घेऊन गेले. मी मागे राहिले, कारण संध्याकाळी मसाला कुटायला डंकावर आमचा नंबर होता आणि मिरच्या भाजायच्या बाकी होत्या.

मला एकच घोर लागला होता, सगळ्यांसमोर त्या माझा उल्लेख करतील का? मसाल्याचा हात त्यांचा, त्यात वाद नाही. पण मिरची बघून आणणं, ऑर्डरी, जीएसटी, गिऱ्हाइकांची कटकट, हे सगळं लग्न होऊन आल्यापासून मीच अंगावर घेतलं होतं.

दुपारी मिरच्या भाजता भाजता मी रेडिओ लावला. सुरुवातीला त्या झकास बोलल्या. शेती गेली, मिठागरं गेली, मग मसाला कसा सुरू केला ते सांगितलं. मग निवेदिकेने जनगणनेचा विषय काढला. बायकांचं काम मोजलं जातं का, बायका खरंच पुढे गेल्यात का, वगैरे. शेवटी तिने विचारलं, "तुमच्या या व्यवसायात घरातल्या किती जणी आहेत?"

"मीच एकटी," सासूबाई म्हणाल्या. "सून हाय, पन ती घरीच असते."

माझं डोकंच फिरलं. हातात झारा, मिरचीच्या ठसक्याने डोळ्यांतून पाणी, आणि मी म्हणे घरीच असते! निवेदिका श्रोत्यांसाठी फोन नंबर सांगत होती. तो मी लावला, आणि नेमका लागला.

"ताई, आधी रेडिओ बारीक करा," ती म्हणाली. "कुठून बोलताय?"

"तळवलीतून."

"आणि तुम्ही काय करता?"

केवढं तरी बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "काही नाही, घरीच असते."

शाळेतल्या मॅडम, बँकेतला साहेब, लग्नात भेटलेले पाहुणे, कुणीही विचारलं की मी हेच सांगत आले होते. जीभ सवयीने तिकडेच वळली. निवेदिकेने समस्त गृहिणींना सलाम ठोकला आणि जाहिरात लावली. मिरच्या करपल्या. स्वतःचीच एवढी चीड मला कधी आली नव्हती.

सासूबाई आल्या त्या थेट स्वयंपाकघरात.

"तुजा आवाज वलखला मी," त्या म्हणाल्या. "मी बोलले ते चुकलं, तर तू पन तेच कशाला बोललीस?"

"पुढच्या वेळी बोलावलं तर मी जाणार," मी म्हणाले. आवाज चढला होता, पण मी तो खाली आणला नाही.

आता जुंपणार असं वाटलं. त्या मात्र खुर्चीत बसून गुडघे चोळत राहिल्या. यंदा त्यांना डंकापर्यंतही चालत येणं जमलं नव्हतं.

"जा की," त्या म्हणाल्या. "आनि सासू काय करते विचारलं, तर काय सांगशील?"

जिभेवर आलेलं उत्तर मी कसंबसं गिळलं.